ग्रॉसिंग: पॅथॉलॉजीच्या नव्या रेसिडेंटसाठी, बादलीपासून ब्लॉकपर्यंत

पॅथॉलॉजी घ्यायचं ठरवलेले विद्यार्थी तयारी करतात स्लाइड वाचण्याची, आणि रेसिडेन्सी सुरू होते ग्रॉसिंगच्या टेबलावर. ग्रॉसिंग म्हणजे शरीरातून काढलेलं ऊतक (स्पेसिमेन) उघड्या डोळ्यांनी तपासून, मोजून, त्यातले निवडक तुकडे स्लाइडसाठी कापणं. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. हात बसलेला नसतो हे खरं, पण बहुतेक चुका हाताच्या नसून क्रमाच्या असतात: शाई लावण्याआधी कापलं, वजन करण्याआधी उघडलं, फॉर्म वाचण्याआधी बादलीत हात घातला. स्टेन बिघडला तर पुन्हा करता येतो, ब्लॉकमधून (मेणात बसवलेल्या तुकड्यातून) आणखी खोल सेक्शन, म्हणजे स्लाइडसाठीचे पातळ काप, घेता येतात. हरवलेलं ओरिएंटेशन मात्र परत मिळत नाही. तुकडे झालेल्या स्पेसिमेनची पुढची बाजू कुठली, हे ऑपरेशन केलेल्या सर्जनलाही सांगता येत नाही.

पुढचे टप्पे याच क्रमाने करा. तुमच्या विभागाचा लेखी प्रोटोकॉल वेगळं सांगत असेल तर प्रोटोकॉलचं ऐका.

## १. रुजू होण्याआधीची तयारी

ट्यूमरची वर्गीकरणं पाठ करत बसू नका. ती रोजच्या कामातून डोक्यात बसतात. रुजू होण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, नॉर्मल हिस्टॉलॉजी. नवा रेसिडेंट कॅन्सर ओळखायला जितका चुकतो, त्याहून जास्त नॉर्मल ओळखायला चुकतो. प्रोस्टेटच्या नीडल बायोप्सीत कधी कधी सेमिनल व्हेसिकलचा तुकडा येतो. त्याच्या पेशींची केंद्रकं मोठी, काळपट आणि वेडीवाकडी असतात, आणि ती नॉर्मल असतात. पेशीतलं सोनेरी-तपकिरी रंगद्रव्य, लिपोफ्युसिन, माहीत नसलेला माणूस तिथे सरळ कार्सिनोमा म्हणून मोकळा होतो.

दुसरी, सर्जिकल ॲनाटमी, आणि तीही पृष्ठभागांची. आतड्याचा कुठला भाग पेरिटोनियमने (पोटातल्या अवयवांवरच्या पातळ आवरणाने) झाकलेला आहे आणि कुठला उघडा, हे तोंडपाठ हवं. ट्रान्सव्हर्स आणि सिग्मॉइड कोलनला मेसेंटरी (आतड्याला धरून ठेवणारा पडदा) असते. असेंडिंग आणि डिसेंडिंगची मागची बाजू उघडी असते. रेक्टमच्या वरच्या तिसऱ्या भागाला पुढून आणि बाजूंनी पेरिटोनियम असतं, मधल्या भागाला फक्त पुढून, खालच्या भागाला अजिबात नाही. शाई कुठे लावायची हे यावरूनच ठरतं.

तिसरी, टीएनएम, म्हणजे कॅन्सर किती पसरलाय ते ठरवायची पद्धत: टी मूळ गाठीसाठी, एन नोडसाठी, एम दूरच्या पसरण्यासाठी. पण तक्ता म्हणून नाही, प्रश्न म्हणून. प्रत्येक अवयवासाठी एवढंच विचारा: इथे 'टी' कशावर ठरतो? स्तनात आकारावर, म्हणजे २ आणि ५ सेंमी हे आकडे. कोलनमध्ये भिंतीत किती खोल गेलाय यावर. गर्भाशयापुरत्या मर्यादित एंडोमेट्रियल कॅन्सरमध्ये मायोमेट्रियमची निम्मी जाडी ओलांडली का, यावर. किडनीत ४, ७ आणि १० सेंमी हे आकार, आणि त्याबरोबर रीनल सायनसमधली चरबी व रीनल व्हेन. उत्तर माहीत असेल तर सुरी कुठे चालवायची ते आपोआप कळतं. किडनीत नवखा माणूस बाहेरच्या कॅप्सूलकडून भरपूर ब्लॉक घेतो आणि सायनसकडचा एकही घेत नाही, कारण हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेलाच नसतो.

## २. टेबल मांडणं

लांब पात्याची सुरी, स्काल्पेल आणि नवी पाती, बोथट टोकाची कात्री, दाताची आणि बिनदाताची फोरसेप्स, प्रोब, पट्टी, वजनकाटा, चार रंगांच्या शाया, टिपायला गॉझ, ॲसेटिक ॲसिड, कॅसेट (तुकडा ठेवायची जाळीदार डबी), लेन्स पेपर, पिना आणि कॉर्कचा बोर्ड. हे सगळं हाताशी आल्यावरच पहिला डबा उघडा. शाई भरलेल्या ग्लोव्हजने ड्रॉवर शोधण्यात स्पेसिमेन बोर्डवरून घसरतं.

ऊतक टिकवणारं फॉर्मॅलिन, म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, सहज घेऊ नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हवा ओढणारा हूड डबा उघडण्याआधी सुरू करायचा असतो, वास आल्यावर नाही. गॉगल, ॲप्रन, ग्लोव्हज घाला, आणि सुरी नसलेल्या हाताला कापापासून वाचवणारा ग्लोव्ह. पातं काढायला उपकरणच वापरा, बोटं नाहीत. सुटं पातं गॉझखाली राहिलं की कापून घेतो तो टेबल साफ करणारा.

पक्का नियम: टेबलावर एका वेळी एकच केस. एकच डबा, एकच फॉर्म, एकाच केसच्या कॅसेट. दुसरा डबा बाजूला उघडून ठेवणं हे अदलाबदलीचं सगळ्यात सोपं कारण आहे.

## ३. स्पेसिमेन ताब्यात घेताना

आधी फॉर्म संपूर्ण वाचा. मग डब्यावरचं लेबल. रुग्णाच्या किमान दोन ओळखी, नाव आणि नोंदणी क्रमांक, दोन्हीकडे जुळल्या पाहिजेत. त्यानंतर अवयव, बाजू आणि डब्यांची संख्या. फॉर्मवर डावा आणि डब्यावर उजवा असेल तर तर्क लढवू नका. डबा तसाच बंद ठेवा, पाठवणाऱ्याला फोन करा, दुरुस्ती लेखी घ्या आणि फोनची वेळ नोंदवा. स्वतःच्या हाताने फॉर्मवर खाडाखोड करू नका.

लेबल झाकणावर असेल तर लगेच डब्याच्या अंगावरही क्रमांक लिहा. दोन झाकणं एकत्र काढली की झाकणावरच्या लेबलला काही अर्थ उरत नाही.

फॉर्ममधली क्लिनिकल माहिती अपुरी असेल तर ती मिळवायची वेळ हीच. आधी केमोथेरपी किंवा रेडिएशन झालंय का? जुन्या बायोप्सीत काय आलं होतं? टाका कुठल्या बाजूला घातलाय? केमोनंतर गाठ दिसेनाशी झाली असेल आणि ते तुम्हाला ठाऊकच नसेल, तर 'ट्यूमर आढळला नाही' असं लिहून तुम्ही चार ब्लॉक घ्याल. खरं तर तिथे पूर्वीच्या ट्यूमरची जागा शोधून तो व्रण पद्धतशीर कापायला हवा होता.

थांबा: सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकायचं नसतं. लिम्फोमाचा संशय असलेली गाठ ताजी आली असेल तर फ्लो सायटोमेट्रीसाठी तुकडा आधी काढतात. किडनी बायोप्सीचा एक भाग इम्युनोफ्लुरोसन्ससाठी मिशेल्स माध्यमात आणि एक इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी ग्लुटराल्डिहाइडमध्ये जातो. कल्चर हवं असेल तर तुकडा फॉर्मॅलिनच्या आधीच जायला हवा. गाउटचे युरेट स्फटिक पाण्यात विरघळतात, त्यामुळे ते ऊतक शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात. यातली एकही गोष्ट नंतर सुधारता येत नाही.

## ४. फिक्सेशन

फिक्सेशन म्हणजे ऊतक कुजू नये म्हणून ते रसायनात मुरवून टिकवणं. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्माल्डिहाइड. एक लिटरसाठी: ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर टाळून नुसतं पाणी घातलेलं फॉर्मॅलिन हळूहळू आम्लीय होतं, आणि रक्ताळलेल्या ऊतकात काळपट-तपकिरी फॉर्मॅलिन पिगमेंट बसतं. नवखा रेसिडेंट ते मेलॅनिन किंवा हिमोसिडरिन समजतो.

द्रव ऊतकाच्या दहा ते वीस पट हवा. फॉर्मॅलिन सुरुवातीला साधारण तासाला १ मिमी आत शिरतं आणि जसं खोल जाईल तसं मंदावतं. शिवाय आत शिरणं वेगळं आणि फिक्स होणं वेगळं. आख्खं स्तन किंवा गर्भाशय न कापता रात्रभर बुडवून ठेवलं तर बाहेरचं साल टणक होतं आणि मधला गाभा कुजतो. नेमकी गाठ तिथेच असते.

म्हणून मोठं स्पेसिमेन आलं की त्याच दिवशी बाहेरून बघा, वजन करा, मोजा, शाई लावा, मग उघडा किंवा काप पाडा, कापांमध्ये गॉझ किंवा टिश्यू पेपर सरकवा आणि भरपूर फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. घाई काप पाडण्याची आहे, ब्लॉक घेण्याची नाही. ताज्या मऊ ऊतकाचे सरळ ३ मिमीचे काप अनुभवी माणसालाही जमत नाहीत.

स्तनाच्या स्पेसिमेनसाठी दोन वेळा लिहाव्याच लागतात: शरीरातून काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये घातल्याची. दोन्हींमधलं अंतर एक तासाच्या आत हवं, आणि एकूण फिक्सेशन ६ ते ७२ तास. हॉर्मोन रिसेप्टर आणि हर२ (ट्यूमर पेशींवरचं एक प्रथिन) यांची तपासणी यावर अवलंबून असते. शनिवारी संध्याकाळी आलेलं स्तन मंगळवार रात्रीपर्यंत बादलीत राहिलं की मर्यादा ओलांडली. सुट्टीचं वेळापत्रक ग्रॉसिंगवाल्याला पाठ हवं ते यासाठी.

## ५. ओरिएंटेशन आणि शाई

सुरी खाली ठेवा. स्पेसिमेन हातात घ्या आणि ते शरीरात होतं तसं धरा. वर, खाली, पुढे, मागे, उजवं, डावं हे मोठ्याने म्हणा. म्हणता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

काही खुणा कायम उपयोगी पडतात. गर्भाशयावर पेरिटोनियम मागच्या बाजूला जास्त खालपर्यंत उतरतं, पुढे ते वरच संपतं. राउंड लिगामेंट फॅलोपियन ट्यूबच्या पुढे असतं आणि ओव्हरी मागे. या दोन खुणांवरून लिगामेंटचा नुसता खुंट उरला असला तरी पुढची बाजू सापडते. स्तनाच्या लम्पेक्टॉमीत (फक्त गाठीचा भाग काढलेल्या स्पेसिमेनमध्ये) टाक्यांवर भिस्त असते. आखूड टाका वर आणि लांब टाका बाहेरच्या बाजूला ही पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, पण सगळीकडे नाही. फॉर्मवर लिहिलं नसेल तर गृहीत धरू नका, विचारा. आणि टाका बघून झाला म्हणून तोडू नका. शाई वाळून काप पडेपर्यंत तो तिथेच राहू द्या.

शाई लावायची कृती:

१. पृष्ठभाग गॉझने टिपून कोरडा करा. ओल्या चरबीवर शाई पसरते.
२. प्रत्येक बाजूला ठरलेला रंग पातळ थरात लावा. कुठला रंग कुठे, हे लावतानाच लिहा, नंतर नाही.
३. ॲसेटिक ॲसिड हलकं शिंपडा किंवा टिपा, म्हणजे शाई बसते.
४. काही मिनिटं थांबा आणि जास्तीची शाई पुन्हा टिपा.
५. मगच कापा.

लाल रंग शक्यतो टाळा, इओसिनच्या गुलाबीत तो हरवतो. जाड थर लावला तर शाईच्या खपल्या निघून भलत्याच ठिकाणी चिकटतात. पृष्ठभागाला चीर असेल तर शाई त्यात उतरते, आणि स्लाइडवर खोट्या मार्जिनला (मार्जिन म्हणजे सर्जनने कापलेली कड) ट्यूमर लागलेला दिसतो. चीर तुमच्या हातून पडली असो की आधीची असो, शाई लावण्याआधी वर्णनात तिची नोंद करा.

तपासा: वजन झालं? तीन मापं झाली? फोटो पट्टीसकट काढला? रंग लिहिले? चारही उत्तरं 'हो' असतील तरच सुरी उचला.

## ६. कापणं: कोलेक्टॉमीचं उदाहरण

एक स्पेसिमेन नीट जमलं की बाकीची त्याच धाटणीने जमतात, म्हणून इथे, कोलेक्टॉमीत म्हणजे काढलेल्या मोठ्या आतड्यात, जरा रेंगाळू.

बाहेरून. लांबी मोजा, दोन्ही टोकं ओळखा. उजव्या हेमिकोलेक्टॉमीत इलियम आणि अपेंडिक्स शोधा. सिरोसा (पेरिटोनियमने झाकलेला बाहेरचा पृष्ठभाग) बोटाने चाचपत जा. कुठे सुरकुतल्यासारखी ओढली गेलीय, कुठे खरखरीत किंवा निस्तेज आहे, कुठे भोक आहे, ते बघा. सुरकुतलेली जागा ब्लॉकसाठी मनात पक्की करा. रेक्टम असेल तर मेसोरेक्टमची (रेक्टमभोवतीच्या चरबीच्या वेष्टनाची) प्रत उघडण्याआधीच ठरवायची: पूर्ण, जवळपास पूर्ण की अपूर्ण. उघडून चपटं केलं की हे ठरवता येत नाही.

शाई. पेरिटोनियमने न झाकलेल्या पृष्ठभागालाच लावा. सिरोसा हे मार्जिन नाही. सगळ्या बाजूंना काळी शाई फासणं ही पहिल्या महिन्यातली ठरलेली चूक. मग स्लाइड बघणाऱ्याला कळत नाही, की ट्यूमर सिरोसा फोडून बाहेर आलाय की सर्जनने कापलेल्या कडेला लागलाय. पहिल्याने टी बदलतो, दुसऱ्याने मार्जिन.

उघडणं. कात्रीचं बोथट टोक आत ठेवून अँटिमेसेंटेरिक, म्हणजे मेसेंटरीच्या विरुद्ध, बाजूने कापत जा. पुढे बोट घालून गाठ कुठे आहे ते चाचपा आणि तिला वळसा घाला. रेक्टममध्ये गाठीचा भाग न उघडता वरून आणि खालून उघडतात, आणि मधला भाग फिक्स झाल्यावर आडवा कापतात. आतली घाण हलक्या धारेने धुवा, घासू नका. घासल्यावर गाठीचा वरचा थर सुटतो आणि त्याचे कण दुसऱ्या सेक्शनवर जाऊन बसतात.

ताणून फिक्स करणं. कॉर्कवर पिनांनी लावा, पण सैल. ओढून लावलं तर मार्जिनचं अंतर फसवं वाढतं. बोर्ड उलटा, म्हणजे ऊतक खाली राहील असा, फॉर्मॅलिनवर तरंगत ठेवा. रात्रभर.

दुसऱ्या दिवशी. गाठीची तीन मापं, घेराचा किती भाग व्यापलाय, जवळच्या मार्जिनपासूनचं अंतर. मग गाठीला आडवे ३ ते ४ मिमीचे काप पाडा आणि सगळे क्रमाने मांडून ठेवा. आधी सगळे काप पाहा, ब्लॉक नंतर. पहिल्या कापात ट्यूमर दिसला म्हणून तिथेच ब्लॉक घेऊन मोकळे झालात, तर सगळ्यात खोल गेलेली जागा सहाव्या कापात राहून जाते.

ब्लॉक. गाठीचे किमान चार-पाच: सगळ्यात खोल भाग, सिरोसाच्या सगळ्यात जवळचा भाग, गाठ आणि नॉर्मल म्युकोसा यांची सीमा, शाई लावलेल्या मार्जिनच्या सगळ्यात जवळचा भाग. त्याशिवाय दोन्ही टोकांची मार्जिन, वेगळे पॉलिप, अपेंडिक्स. टोकाला स्टेपलची रांग असेल तर धातूतून सुरी चालत नाही. रांग अगदी लगत कापून काढा आणि लगेच आतलं ऊतक मार्जिन म्हणून घ्या.

मार्जिन घ्यायच्या दोन पद्धती आहेत. कडेचा पातळ पापुद्रा आडवा काढला तर त्यात ट्यूमर कुठेही दिसला तरी मार्जिन पॉझिटिव्ह, पण अंतर सांगता येत नाही. कडेला काटकोनात कापलं तर अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. गाठ लांब असेल तर पापुद्रा, जवळ असेल तर काटकोन. रेक्टममध्ये रेडियल (बाजूच्या घेराचं) मार्जिन १ मिमी किंवा त्याहून कमी असेल तर ते पॉझिटिव्ह धरतात, म्हणून तिथे काटकोनच. कुठली पद्धत घेतली हे ब्लॉकच्या यादीत लिहिलं नाही, तर स्लाइड बघणारा दोन्ही अर्थ काढू शकतो.

## ७. लिम्फ नोड शोधणं

कोलोरेक्टल कॅन्सरमध्ये किमान १२ नोड तपासलेले असावेत अशी अपेक्षा असते. बाराव्याला थांबायचं असा याचा अर्थ नाही.

चरबी ३ ते ५ मिमीच्या कापांत कापा आणि प्रत्येक काप बोटांच्या चिमटीत दाबून बघा. नोड डोळ्यांपेक्षा बोटांना आधी सापडतो. आतड्याच्या भिंतीला चिकटलेली चरबी आणि रक्तवाहिन्यांच्या कडेची चरबी शेवटी नाही, आधी बघा. मेटास्टॅसिस असलेले पुष्कळ नोड ५ मिमीपेक्षा लहान असतात. मोठा, ठसठशीत नोड सापडला म्हणून खूश होऊ नका, तो बहुधा रिॲक्टिव्ह, म्हणजे कॅन्सर नसताना सुजलेला, असतो. गाठीमागची चरबी मात्र सोलून काढू नका. ट्यूमर किती बाहेर गेलाय ते तिच्यातच दिसणार आहे.

बारापेक्षा कमी मिळाले तर चरबी पुन्हा एक रात्र फॉर्मॅलिनमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधा. तरी कमीच मिळाले तर दोनदा शोधल्याचं वर्णनात लिहा.

मोजणी इथेच बिघडते. लहान नोड आख्खे, एका कॅसेटमध्ये काही, आणि किती ते लिहून. मोठा नोड लांबीच्या दिशेने २ मिमीच्या कापांत कापून एकट्याच्या कॅसेटमध्ये. दोन मोठ्या नोडचे काप एकाच कॅसेटमध्ये टाकले तर 'दोनपैकी एक' की 'दोन्ही', हे कुणालाच सांगता येत नाही. जागाच नसेल तर एका नोडला वेगळी शाई लावा. नोड उघड्या डोळ्यांनीच पांढरा, टणक, ट्यूमरने भरलेला दिसत असेल तर एक काप पुरतो. नॉर्मल दिसत असेल तर पूर्ण द्यायचा.

## ८. लहान बायोप्सी

दोन मिनिटांचं काम म्हणून याकडे दुर्लक्ष होतं, आणि तुकडा हरवतो तो इथेच.

- डबा उघडल्यावर आधी झाकणाची आतली बाजू बघा.
- तुकडे मोजा आणि फॉर्मवरच्या संख्येशी ताडून बघा. जुळत नसेल तर दोन्ही संख्या लिहा.
- द्रव गाळून घ्या. तुकडा दिसतच नसेल तर इओसिनचा थेंब टाका.
- दाताची फोरसेप्स वापरू नका. चिमटलेल्या पेशींच्या काळ्या रेघा होतात आणि स्मॉल सेल कार्सिनोमा की लिम्फोसाइट, हे ठरवता येत नाही.
- लेन्स पेपरमध्ये गुंडाळा. स्पंजच्या पॅडमध्ये दाबल्यावर ऊतकात त्रिकोणी भोकं पडतात.
- कोअर (सुईने काढलेले दोऱ्यासारखे तुकडे) सरळ, एकमेकांत न गुंतता ठेवा. वाकडा कोअर एंबेडिंगमध्ये (मेणात बसवताना) एका पातळीत बसत नाही आणि अर्धाच कापला जातो.

डब्यात काहीच सापडलं नाही तर एकट्याने निर्णय घेऊ नका. सिनियरला दाखवा, डबा आणि द्रव जपून ठेवा, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरला त्याच दिवशी कळवा.

## ९. बाकीची नेहमीची स्पेसिमेन, थोडक्यात

सर्व्हिक्सचा कोन (शंकूच्या आकाराचा काढलेला तुकडा) १२ वाजताच्या टाक्यावर उघडा, सपाट फिक्स करा आणि घड्याळाच्या दिशेने क्रमवार संपूर्ण द्या. त्वचेच्या लंबगोलाला शाई लावून पावाच्या कापांसारखे आडवे काप द्या, दोन टोकं वेगळ्या कॅसेटमध्ये. थायरॉइड, स्प्लीन, किडनी, गर्भाशय, प्रोस्टेट यांचं वजन उघडण्याआधी करा.

हाड आधी पूर्ण फिक्स करा, मग डीकॅल्सिफाय करा, म्हणजे कॅल्शियम काढून मऊ करा. नायट्रिकसारखं तीव्र ॲसिड लवकर काम करतं, पण डीएनए आणि पुष्कळसे अँटिजन खराब करतं. ईडीटीए सौम्य आहे, वेळ मात्र फार घेतं. ट्यूमरचा मऊ भाग मिळत असेल तर तो आधीच वेगळ्या कॅसेटमध्ये, ॲसिडपासून दूर काढून ठेवा. मॉलिक्युलर तपासणीची वेळ आली की तोच ब्लॉक उपयोगी पडतो.

## १०. कॅसेट भरणं

तुकड्याची जाडी ३ मिमी. झाकण लावताना जोर लावावा लागला तर तुकडा जाड आहे. बाजूंनीही जागा सोडा, कारण अल्कोहोल, झायलीन आणि मेण चारही बाजूंनी फिरायला हवं. जाड चरबीचा तुकडा मध्यभागी कच्चा राहतो, मायक्रोटोमवर तो भाग निखळतो, आणि दोष टेक्निशियनला दिला जातो. त्यात त्याची काही चूक नसते.

क्रमांक पेन्सिलने किंवा सॉल्व्हंटने न जाणाऱ्या पेनने लिहा. साध्या पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. कॅसेटवर क्रमांक आधी, तुकडा नंतर. आणि एक केस संपली की सुरी, फोरसेप्स, बोर्ड धुवा, ग्लोव्हज पुसा किंवा बदला. पॅपिलरी किंवा भुसभुशीत ट्यूमर असेल तर पातंही बदला. पुढच्या रुग्णाच्या स्लाइडवर तरंगत आलेला कॅन्सरचा एक कण पूर्ण आठवडा खातो.

तुकड्याची कुठली बाजू सेक्शनमध्ये यायला हवी हे महत्त्वाचं असेल तर उलट्या बाजूला शाईचा ठिपका द्या आणि एंबेडिंग करणाऱ्याला लेखी सांगा. तोंडी सांगितलेलं सकाळपर्यंत टिकत नाही.

## ११. वर्णन आणि ब्लॉकची यादी

वर्णन वाचून, स्पेसिमेन न पाहिलेल्या माणसाला त्याचं चित्र काढता आलं पाहिजे.

असं नको: 'कोलनचा भाग मिळाला, आत मोठी गाठ दिसते, मार्जिन ठीक, नोड मिळाले.'

असं हवं: 'उजवी हेमिकोलेक्टॉमी, इलियम ६ सेंमी, कोलन २१ सेंमी, अपेंडिक्स ७ सेंमी. सीकममध्ये मधोमध व्रण पडलेली, कडा उचललेली गाठ ४.५ × ३.८ × १.२ सेंमी, डिस्टल मार्जिनपासून १४ सेंमी. काप पांढुरका, टणक. गाठ भिंत ओलांडून चरबीत ०.४ सेंमी गेलेली दिसते. तिच्यावरची सिरोसा सुरकुतलेली, भोक नाही. मागचा न झाकलेला पृष्ठभाग काळ्या शाईत, गाठ त्यापासून १.१ सेंमी.'

'मोठी', 'ठीक', 'बरेच' हे शब्द वर्णनात येऊ देऊ नका. तसंच ग्रॉसमध्ये निदान लिहू नका. 'कार्सिनोमा दिसतो' नाही, 'पांढुरकी टणक गाठ दिसते' एवढंच.

ब्लॉकची यादी कॅसेट भरताना लिहा. ए१ प्रॉक्सिमल मार्जिन, पापुद्रा. ए२ डिस्टल मार्जिन, पापुद्रा. ए३ गाठ, सगळ्यात खोल भाग. ए४ गाठ आणि सुरकुतलेली सिरोसा. ए८ पाच आख्खे नोड. ए९ एक नोड, तीन काप. चौदा कॅसेट भरून झाल्यावर आठवणीने यादी लिहायला बसलात तर दोन ब्लॉक हमखास अदलाबदल होतात.

तपासा: यादीतल्या कॅसेट आणि प्रोसेसरच्या बास्केटमध्ये गेलेल्या कॅसेट मोजा. आकडा एकच आला पाहिजे. बास्केट बंद करण्याआधी, नंतर नाही.

## १२. उरलेलं ऊतक आणि दुसरा दिवस

उरलेलं ऊतक ओरिएंटेशन कळेल असं, लेबलसकट फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. अंतिम रिपोर्टनंतर किमान दोन आठवडे ते जपण्याचा नियम बऱ्याच लॅबमध्ये असतो. काप क्रमाने बांधून ठेवले असतील तरच त्या दोन आठवड्यांचा उपयोग. सगळे तुकडे एका पिशवीत कोंबले असतील तर तो नुसता साठा.

स्लाइड आल्या की सिनियरकडे नेण्याआधी स्वतः यादी समोर ठेवून बघा. ए४ मध्ये सिरोसा खरंच आलीय का? मार्जिनच्या सेक्शनला शाई आहे का? नोडची संख्या वर्णनाशी जुळते का? उघड्या डोळ्यांना चरबीत गेलेली गाठ स्लाइडवर मसल लेयरपाशीच थांबलेली दिसत असेल, तर आधी ब्लॉकमधून खोल सेक्शन मागवा आणि त्याच दुपारी बादली पुन्हा उघडून सहावा-सातवा काप शोधा. जादा ब्लॉक घेतले तर कधी, कुठून आणि का, हे वर्णनाच्या खाली तारखेसह जोडा. आधीचं वर्णन मात्र बदलू नका.